अडीच यार्डांचा हिशेब

फिलाडेल्फियात पुतळ्यांना तोटा नाही. सिटी हॉलच्या शिखरावर विल्यम पेन उभा आहे, बेंजामिन फ्रँकलिन जागोजागी भेटतो, आणि जो कधी जन्मालाच आला नाही तो सिनेमातला रॉकीसुद्धा कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी मुठी उंचावून आहे. पण शहराच्या दक्षिण टोकाला, ईगल्स या फुटबॉल संघाच्या मैदानाबाहेर, एक निराळाच पुतळा आहे. त्यात कुणी धावत नाही, कुणी कुणाला लोळवत नाही. एक खेळाडू आणि एक प्रशिक्षक नुसते बोलत उभे आहेत. पुढची चाल कोणती खेळायची, एवढाच विषय.

२०१८च्या फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना. मध्यंतराला ३८ सेकंद उरलेले. क्वार्टरबॅक निक फोल्स कडेला उभ्या असलेल्या मुख्य प्रशिक्षक डग पीडरसनपाशी आला, एका चालीचं नाव घेतलं, आणि पीडरसन क्षणभर विचार करून ‘हो’ म्हणाले. एरवी जो चेंडू फेकतो त्याच्याकडेच चेंडू फेकायचा, अशी ती उफराटी चाल. फोल्सनं तो झेलला, ईगल्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं, आणि सप्टेंबर उजाडायच्या आत त्या एका ‘हो’चं ब्राँझ ओतूनही झालं.

आता २०२५चा नोव्हेंबर घ्या. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी शिकागो बेअर्सनी ईगल्सना याच मैदानावर २४-१५ असं हरवलं. त्या रात्री, ज्यांच्याकडे चाली ठरवण्याचं काम होतं त्या केव्हिन पटूलो यांच्या न्यू जर्सीतल्या घरावर कुणीतरी अंडी फेकली. पोलिसांना चौकशी करावी लागली. शहर तेच, काम तेच. एकाला ब्राँझ, दुसऱ्याला अंडी. अधलंमधलं काही द्यायची इथे पद्धत नाही.

मी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो, म्हणजे ईगल्सच्याच हद्दीत. इथे नव्यानं आलेल्याला शेजारीपाजारी आधी दोन जुन्या गोष्टी सांगतात, आणि दोन्ही अभिमानानं सांगतात. १९६८च्या डिसेंबरात, संघ हंगामातले बहुतेक सामने हरलेला असताना, मध्यंतराला मैदानात आलेल्या सांताक्लॉजवर प्रेक्षकांनी बर्फाचे गोळे मारले होते. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांसाठी चक्क कोर्ट भरायचं, न्यायाधीशासकट. अशा लोकांपुढे चाली ठरवणारा नवा माणूस परीक्षेला बसतो.

या पदाचं नाव ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. सगळे ओसी म्हणतात. सामना हातचा गेला की आणखीही बरंच म्हणतात. आपल्या संघाकडे चेंडू असताना दर वेळी काय करायचं, हे बऱ्याच संघांत हा माणूस ठरवतो. हातात मेनूकार्डाएवढा, प्लास्टिकचं वेष्टन घातलेला कागद, आणि त्यावर मुंगीच्या अक्षरात चालीच चाली. चाल सांगताना तो कागद तोंडापुढे धरायचा, कारण पलीकडचे लोक ओठ वाचतात अशी सर्वांची खात्री. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवलेला असतो. दोन चालींमध्ये बहुतेकदा ४० सेकंद मिळतात आणि त्यातले १५ उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. म्हणजे राहिले २५. तेवढ्यात चेंडू कुठे आहे, समोर कोण उभं आहे, आपला कोण लंगडतोय हे पाहायचं, कागदावरून एक ओळ उचलायची आणि आकडे, रंग, प्राण्यांची नावं यांनी भरलेलं एक लांबलचक वाक्य न अडखळता म्हणायचं. ते क्वार्टरबॅक बाकीच्या दहांना म्हणून दाखवतो. मग ओळीत उभा राहतो, समोरच्यांची मांडणी पाहतो, आणि वाटलं तर सगळं बदलून टाकतो. काही चालींत तर चेंडू हातात आल्यावर ठरवायचं असतं, पळणाऱ्याकडे द्यायचा की फेकायचा.

सांगायचा मुद्दा, अमुक चाल नेमकी कुणाची, हे मैदानातल्या सदुसष्ट हजार प्रेक्षकांपैकी एकालाही कळायची सोय नाही. त्यावर लोकांनी सोपा तोडगा काढला आहे. जमली ती क्वार्टरबॅकची, फसली ती ओसीची. पंचांचे निर्णय व्हिडिओ पाहून बदलतात, हा बदलत नाही.

आमचे शेजारी निवृत्त प्लंबर आहेत. जन्म, शिक्षण, लग्न, सगळं ईगल्सच्या वेळापत्रकात बसवून झालेलं. रविवारी त्यांच्या तळघरात टीव्हीपुढे आम्ही पाच-सहा जण जमतो. त्यांची परीक्षणाची पद्धत मी बरीच वर्षं पाहतो आहे आणि तिच्यात एकही फट मला सापडलेली नाही. चेंडू खेळात यायच्या आधी ते जाहीर करतात, ‘आता हा मधून पळवणार.’ खरोखरच मधून पळवला आणि दोन यार्डांत सगळे ढिगाऱ्याखाली गेले, की म्हणतात, ‘माझ्यासारख्या प्लंबरला कळतं, मग समोरच्यांना कळणार नाही?’ आणि पळवायच्या ऐवजी फेकला, नि तो जमिनीवर आपटला, की म्हणतात, ‘ही काय फेकायची वेळ आहे?’ ओळखता आली तर चाल बाळबोध, ओळखता नाही आली तर अतिशहाणपणा. ओसीला सुटका नाही.

यशस्वी झालेल्या चालीवर मात्र ते काही बोलत नाहीत. चिकन विंग उचलतात.

२०२५च्या हंगामात माझे सासरे सांगलीहून आले होते. बँकेतून निवृत्त. भारतीय क्रिकेट संघाच्या निवड समितीवर त्यांचा आयुष्यभराचा राग, त्यामुळे पूर्वतयारी उत्तम. मी त्यांना तळघरात नेलं आणि नियम सांगितले. चार प्रयत्न, त्यात दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा नवे चार. मामांनी दोन मिनिटं विचार केला.

‘जावईबापू, चाराला दहा. म्हणजे एका खेपेला अडीच.’

‘हो.’

‘आणि हे पळाले की सरासरी किती जातात?’

‘चारच्या थोडं वर.’

‘मग हा फेकतोय कशाला?’

मी सांगायला लागलो, की मामा, सरासरीत एकदा अठरा यार्ड गेलेले असतात आणि तीनदा शून्य. शिवाय तुम्ही पळणारच म्हटल्यावर समोरचे सगळे मधेच येऊन गर्दी करतात, त्यांना लांब ठेवायला फेकावं लागतं. मामांनी बँकेत कर्जाचा अर्ज वाचतानाचा चेहरा केला. तेवढ्यात शेजाऱ्यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी अडीचचा हिशेब इंग्रजीत सांगितला. शेजारी खुर्चीतून उठले आणि त्यांनी मामांचा हात हातात घेतला. चाळीस वर्षं ते हेच ओरडत होते, फक्त आकडा नव्हता. तिथून पुढे दोघं शेजारी-शेजारी बसले आणि मामांनी इंग्रजीतले तीन शब्द आत्मसात केले: ‘रन द बॉल!’ वड्याची ताटली दोघांच्या मध्ये आली आणि आमच्यापर्यंत पोचेनाशी झाली.

तिसऱ्या सत्रात तिसरा प्रयत्न होता आणि आठ यार्ड हवे होते. ओसीनं चेंडू पळवला. मिळाले तीन. मामा ताडकन उठले. ‘अहो, आता तरी फेकायचा!’ शेजाऱ्यांना शब्द कळला नसेल, पण तेही नेमकं तेच ओरडत होते. फिलाडेल्फियाच्या माणसाला जिथे पोचायला अख्खं आयुष्य लागतं, तिथे मामा दोन तासांत पोचले.

मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला. ‘हा माणूस नेमला कुणी?’ मी म्हटलं, मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी यांनी. पटूलो आणि ते इंडियानापोलिसला कोल्ट्समध्ये एकत्र होते, २०२१ मध्ये बरोबरच इकडे आले. ‘म्हणजे ओळखीचा,’ मामा म्हणाले, आणि मागे टेकून बसले. पुढचं त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

‘रन द बॉल’ ही इथली आरती आहे म्हणा ना. अँडी रीड १९९९ ते २०१२ असे चौदा हंगाम इथे मुख्य प्रशिक्षक होते. फार फेकतात, घड्याळ सांभाळता येत नाही, ही तक्रार चौदाही हंगाम चालली. मग ते कॅन्सस सिटीला गेले, तिथेही फेकत राहिले आणि तीन सुपर बोल जिंकले. त्यातला एक, २०२३च्या फेब्रुवारीत, ईगल्सनाच ३८-३५ असं हरवून. याबद्दल शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, ‘तिथे जाऊन सुधारले.’

आणि पळवायची वेळ असताना फेकलं की काय होतं, त्याचा नमुना म्हणून २०२४च्या सप्टेंबरातला अटलांटा फाल्कन्सविरुद्धचा सामना माझ्यापुढे कितीदा ठेवला गेला आहे. ओसी तेव्हा नवेच, केलेन मूर. ईगल्स १८-१५ असे पुढे, दोन मिनिटंही उरलेली नाहीत, तिसरा प्रयत्न, हवेत फक्त तीन यार्ड. अटलांटाचे टाइमआउट संपलेले, म्हणजे पळलात तर घड्याळ चालू राहणार. मूर यांनी फेकायची चाल दिली, ती सॅक्वन बार्कलीकडे. आणि चाल फसली म्हणावं तर तसंही नाही. बार्कलीभोवती चिटपाखरू नव्हतं. चेंडू नीट त्याच्या हातात आला, आणि सुटला. घड्याळ थांबलं. ईगल्सनी लाथेचे तीन गुण मिळवून २१-१५ केलं खरं, पण उरलेल्या वेळात अटलांटानं अख्खं मैदान पार करून २२-२१ असा सामना मारला.

झेल बार्कलीनं सोडला, तो स्वतः तसं म्हणालाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या रेडिओवर फोन लावणाऱ्यांना बार्कलीशी काही देणंघेणं नव्हतं. मुळात फेकायला सांगितलंच का, हा सवाल. तोच चेंडू हातात राहिला असता तर सामना तिथेच संपला असता आणि तेच फोन करणारे मूर यांच्या धाडसाचं कौतुक करत बसले असते. त्या रेडिओवर आपला आवाज यावा म्हणून माणसं ऑफिसला जाताना तासभर होल्डवर थांबतात. आमच्या शेजाऱ्यांनी तर एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या नळाखाली आडवं पडून, कानाला फोन लावून, तिसऱ्या प्रयत्नातल्या चालींवर आपलं मत मांडलं होतं.

पुढे झालं असं, की त्याच हंगामात बार्कली २,००५ यार्ड पळाला, संघ १४ सामने जिंकला आणि २०२५च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं. सप्टेंबरात ज्यांना मूर यांना पुढच्या बसमध्ये बसवायचं होतं, ते फेब्रुवारीत ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणत ब्रॉड स्ट्रीटवरच्या विजेच्या खांबांवर चढले. (पोलिसांनी अशा वेळी खांबांना ग्रीस लावून पाहिलं आहे. ग्रीस लावलेल्या खांबावर चढायचं कसं, याचीही इथे आता परंपरा झाली आहे.)

परीक्षणाला फक्त चालीच लागतात असंही नाही. २०२५च्या जानेवारीत ग्रीन बेविरुद्धच्या सामन्यात ए. जे. ब्राउन हा ईगल्सचा मोठा खेळाडू बाकावर बसून पुस्तक वाचताना कॅमेऱ्यात दिसला. त्या दिवशी त्याच्याकडे चेंडू फारसा आलाच नव्हता. हा चाली ठरवणाऱ्याचा निषेध, असं अर्ध्या शहरानं तिथल्या तिथे ठरवलं. आपण प्रत्येक सामन्यात वाचतो, असं त्यानं नंतर सांगितलं, पण तोवर निकाल लागून गेला होता. लेखकाचा मात्र फायदा झाला. ते पुस्तक खपाच्या यादीत थेट वर गेलं. एवढ्या गोंगाटात माणूस वाचू शकतो, याचं कौतुक तळघरात एकट्या मामांना वाटलं असतं, पण ते तेव्हा सांगलीत होते.

बाकीच्या शहरांत हे चालत नाही असं नाही. सिॲटलचे लोक २०१५चा सुपर बोल अजून विसरलेले नाहीत. गोलरेषा एक यार्डावर, २६ सेकंद शिल्लक, मार्शॉन लिंचसारखा गडी पळायला तयार, आणि ओसी डॅरेल बेव्हेल यांनी फेकायला सांगितलं. माल्कम बटलर या नवख्यानं मधेच चेंडू पकडला आणि ट्रॉफी पेट्रियट्सची झाली. मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी जबाबदारी आपल्यावर घेतली, तरी ऐकतो कोण. त्या हंगामात एक यार्डावरून लिंचला पाच वेळा चेंडू दिला होता आणि पलीकडे तो एकदाच पोचला होता, हे सांगून बघा एखाद्या सिॲटलकराला. मी सांगून पाहिलं नाही, मला त्याच्याकडे जेवायला जायचं होतं. अटलांटाचं त्याहून वाईट. तिथले ओसी काइल शॅनहन यांच्या पहिल्या वर्षी लोक वैतागले, दुसऱ्या वर्षी संघानं लीगमध्ये सर्वांत जास्त गुण केले, सुपर बोलमध्ये २८-३ अशी आघाडी घेतली आणि ३४-२८ असा सामना घालवला. शेवटी पळून वेळ काढायच्या ऐवजी शॅनहन फेकत राहिले. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोनं त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून जाहीर केलं. अटलांटाच्या लोकांचं वाक्य अजून पुरतं बोलूनही झालं नव्हतं.

पण फिलाडेल्फियाचा खाक्या वेगळा, कारण इथे त्याला शिस्त आहे. शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर, पान्ह्यांच्या शेजारी, खडूनं लिहिलेली यादी आहे. पहिले फ्रँक राइक: पुतळ्याच्या वर्षीचे ओसी, सुपर बोल झाल्याझाल्या कोल्ट्सनी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. मग माइक ग्रो: काढले. शेन स्टायकेन: २०२३ मध्ये सुपर बोलपर्यंत नेलं, पुन्हा कोल्ट्सनीच उचलले. ब्रायन जॉन्सन: त्यांच्या वर्षी संघ ११ पैकी १० सामने जिंकला आणि मग असा काही घसरला की हंगाम संपताच काढले. केलेन मूर: न्यू ऑर्लीन्सनं मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. आणि पटूलो: २०२६च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोनं ईगल्सच्याच मैदानावर २३-१९ असं हरवून बाहेर घालवल्यावर, काही दिवसांतच, काढले.

नेले, काढले, नेले, काढले, नेले, काढले. एकही खाडा नाही. ग्रो आणि स्टायकेन यांच्यामध्ये २०२० साल तेवढं कोरं आहे, कारण त्या वर्षी हे पद कुणाला दिलंच नव्हतं. शिव्या द्यायला थेट मुख्य प्रशिक्षक पीडरसनच उरले. संघ चार सामने जिंकला आणि पुतळ्यातल्या माणसाला नोकरीवरून काढण्यात आलं. पुतळा ठेवला.

ही यादी पाहिली की इथल्या लोकांची मला थोडी दयाही येते. ज्याच्यावर जीव लावावा तो वर्षा-दोन वर्षांत बढती घेऊन दुसऱ्या गावाला जातो, आणि आठवणीत राहतात ते काढलेले. चांगला ओसी म्हणजे जो आता आपल्याकडे नाही तो. मूर इथे असताना शेजारी त्यांना ‘तो पोरगा’ म्हणायचे. पटूलो आल्यावर पंधरवड्यात ते ‘मूर साहेब’ झाले.

२०२६च्या जानेवारीअखेर शॉन मॅनियन यांचं नाव जाहीर झालं. वय ३३, पूर्वी राखीव क्वार्टरबॅक, ग्रीन बेमध्ये क्वार्टरबॅकना शिकवत होते. एनएफएल या लीगमध्ये ओसीचं काम त्यांनी आधी केलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी शेजारी बर्फ ओढता ओढता कुंपणापाशी आले आणि त्यांनी मला मॅनियन यांच्या चालींचं सविस्तर मूल्यमापन ऐकवलं. पहिल्या प्रयत्नात फार पळवतात, असं त्यांचं मत पडलं. पण एकूण आशा आहे म्हणाले. भिंतीवरच्या यादीप्रमाणे पाळी चांगल्याची आहे.

रविवारी सांगलीहून फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, नातवाचा अभ्यास उरकल्यावर मामा मुद्द्यावर आले.

‘जावईबापू, तो गेला का?’

‘गेला. नवीन आणलाय.’

‘ओळखीचा?’

‘नाही, बाहेरचा. शेजारी म्हणतात, या वेळी चांगला निघणार.’

‘मग राहील किती वर्षं?’

‘चांगला निघाला तर एक-दोन. मग कुणीतरी नेईल.’

‘आणि वाईट निघाला तर?’

‘तरी तेवढीच.’

पलीकडे शांतता. मामा हिशेब करत असणार. मग म्हणाले, ‘त्याला म्हणावं, घर भाड्याचंच घे.’